घरचा प्रोपेन बर्नर का रुसतो?

लोहारकामाच्या छोट्या गॅसभट्टीबद्दल आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रकारच्या बर्नरभोवती फिरतात. पाऊण इंची नळी, तिच्या डोक्यावर टी-जोड, टीच्या पाठीतून आत घातलेली मिग वेल्डिंगची टिप (वेल्डिंगची तार जिच्यातून सरकते ती बारीक भोकाची नळी), म्हणजे जेट. पंखा नाही, भाता नाही. जेटमधून जोरात सुटलेला गॅस टीच्या दोन उघड्या तोंडांतून हवा ओढतो, दोघं नळीत मिसळतात आणि टोकाशी पेटतात. खालच्या उत्तरांतली मापं याच बर्नरची आहेत. दाब सगळीकडे गेजवर दिसणारा धरला आहे. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय.

प्रश्न: ज्योत पिवळी, लांब आणि मऊ आहे. भट्टीच्या तोंडातून फूटभर ज्वाळा बाहेर येते, काजळी धरते आणि लोखंड लालच्या पुढे जात नाही. दाब वाढवला तर ज्वाळा आणखी लांबते. जेटचं भोक मोठं करावं का?

अजिबात नको. तुमच्याकडे गॅस कमी नाही, हवा कमी पडते आहे. एक लिटर प्रोपेन पुरता जळायला सुमारे 24 लिटर हवा लागते. ती सगळी टीच्या तोंडातून आली नाही, तर उरलेला गॅस भट्टीबाहेर पडून तिथल्या हवेवर जळतो. फूटभर ज्वाळा दिसते ती हीच. उष्णता तयार होते, पण अंगणात.

दाब वाढवून हे का सुटत नाही, ते एकदा समजून घेतलं की पुढची बरीच खटपट वाचते. दाब वाढला की गॅस वाढतो आणि त्याने ओढलेली हवाही जवळपास त्याच पटीत वाढते. म्हणजे आच वाढते, मिश्रण होतं तसंच राहतं. भोकाचं तसं नाही. भोक 1 मिमीचं 1.2 मिमी केलं तर गॅस 44 टक्के वाढतो, हवा मात्र जेमतेम 20 टक्के. म्हणजे पिवळी ज्योत आणखी पिवळी. म्हणून मिश्रण सुधारायचं ते भोकाने आणि हवेच्या वाटेने, आणि दाब वापरायचा तो फक्त आच कमीजास्त करायला.

आता तपासणी. आधी जेट सरळ आहे का पाहा. बर्नर काढून हातात घ्या, टिपमधून बारीक, सरळ तार घाला आणि नळीच्या दुसऱ्या टोकातून बघा. तार मधोमध दिसली पाहिजे. टोकाशी ती तीनचार मिलिमीटर बाजूला गेली असेल तर गॅसचा झोत एका भिंतीला घासतो, हवा ओढण्याचा जोर तिथेच संपतो आणि ज्योतही एका अंगाला झुकते. टीमध्ये पाडलेलं भोक तिरकं असेल तर ते पुन्हा पाडावंच लागेल. टिप वाकवून सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

मग टिपचं माप. टिपवर कोरलेला आकडा तारेचा असतो, भोकाचा नव्हे. तार सहज सरकावी म्हणून भोक थोडं मोठंच असतं. 0.9 मिमीच्या टिपचं भोक 1.1 मिमीच्या आसपास निघतं. पाऊण इंची नळीला ही टिप चालते, अर्धा इंची नळीला 0.6 मिमीची लागते. अनेकजण अर्धा इंची नळीला 0.9 मिमीची टिप लावतात आणि मग पिवळ्या ज्योतीचं कारण शोधत बसतात.

टिप सरळ आहे, माप बरोबर आहे, तरीही ज्योत पिवळी आहे? मग टिपची लांबी कमी करा. टिपचं टोक नळीच्या तोंडापासून जितकं मागे, तितकी हवा जास्त शिरते. एका वेळी फक्त 1 मिमी कापा, भोकाच्या कडेला आलेली बर (धातूची खरखरीत कड) टॉर्च-टिप साफ करायच्या बारीक कानशीने काढा, पुन्हा लावा, पेटवा, पाहा. दोन-तीन वेळा कापून ज्योत आखडते आणि निळी होते. जास्त कापली गेली तर उलट त्रास: ज्योत फिकट, कर्कश, टोकावरून सुटू पाहणारी. म्हणून हाताशी दुसरी टिप ठेवा. एका फेरीत एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

एक अपवाद. नवीन अस्तराची भट्टी पहिल्या तासाभरात नारिंगी ज्योत दाखवते. अस्तरातले सोडियम-कॅल्शियमचे क्षार रंग देतात. ती ज्योत नारिंगी असली तरी कडक असते आणि काजळी धरत नाही. त्यासाठी टिप कापू नका.

प्रश्न: स्वयंपाकाच्या सिलिंडरचा रेग्युलेटर चालेल का?

नाही. तो सुमारे 30 मिलिबार, म्हणजे 0.03 बार देतो. हा बर्नर 0.15 ते 1 बारमध्ये चालतो, रोजचं काम 0.3 ते 0.7 मध्ये होतं. अर्धा बारला जितका गॅस जातो त्याच्या चौथा हिस्सा 0.03 बारला जातो, आणि नळीतला वेग इतका पडतो की ज्योत आत शिरते. गेज असलेला, 0 ते 2 बारपर्यंत फिरवता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि त्या दाबाला, एलपीजीसाठीच बनलेली होज घ्या.

रेग्युलेटर काढून नुसत्या सुईच्या वॉल्व्हवर काम चालवण्याचा सल्ला काहीजण देतात. तो ऐकू नका. प्रोपेनच्या सिलिंडरमधला दाब 20 अंशांना 7 बारच्या वर आणि 40 अंशांना 12 बारच्या पुढे असतो. होज निसटली तर तो सगळा तुमच्या अंगावर.

प्रश्न: आच कमी केली की 'फट्' आवाज होतो आणि ज्योत नळीत शिरते. कधी चांगल्या जोरातही तसं होतं. धोका आहे का?

ज्योत नळीत बसली की आवाज बदलतो. गर्जना जाऊन पोकळ भणभण उरते आणि नळी झपाट्याने तापते. त्याच क्षणी गॅस बंद करा. 'होईल ठीक' म्हणून थांबलात तर टिप आणि जवळची होज खराब होते.

हवेत मिसळलेल्या प्रोपेनची ज्योत थंड मिश्रणात सेकंदाला साधारण 40 सेंटिमीटर चालते. तुमच्या नळीत अर्धा बारला मिश्रण सेकंदाला दहा मीटरच्या वर वाहतं, म्हणून ज्योत मागे येऊ शकत नाही. आच उतरवली की वाहणं मंदावतं, आणि नळीच्या भिंतीलगत तर ते आधीच मंद असतं. शिवाय मिश्रण जितकं गरम, तितकी ज्योत वेगाने चालते. म्हणजे थंड भट्टीत 0.1 बारला बिनतक्रार जळणारा बर्नर तासाभराने 0.2 ला फटकू लागतो. आपल्या बर्नरचा तळाचा दाब तापलेल्या भट्टीत मोजून गेजवर खूण करून ठेवा आणि त्याच्या खाली जाऊ नका.

जोरातही फटकत असेल तर तीन जागा बघा. पहिली, नळीचं टोक भट्टीत डोकावतं आहे का. ते अस्तराच्या आतल्या पृष्ठापासून 10-12 मिमी मागे असावं. आत डोकावलेलं टोक लाल होतं आणि मिश्रण नळीतच पेटतं. दुसरी, भट्टीची दारं फार आवळली आहेत का. आतला वायू बाहेर पडायला जागा नसेल तर तो नळीत उलटा रेटा देतो. दारासमोरची वीट सरकवून पाहा, ज्योत लगेच सुधारली तर बर्नर निर्दोष आहे. तिसरी जागा अशी की तिचा संशयही येत नाही: टेफ्लॉन टेपचा तुकडा. आट्यांवर गुंडाळलेल्या टेपची सुटलेली कड गॅसबरोबर वाहत येते आणि टिपच्या भोकात अडकते. गेजवर दाब तोच, आवाज मात्र बसलेला. टिप काढून उजेडात धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. पुढच्या वेळी टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, आणि गॅससाठीची जाड पिवळी टेप वापरा.

प्रश्न: बाहेर धरून पेटवला तर ज्योत टोकावरून सुटते आणि विझते. बनवताना कुठे चुकलं?

बहुधा कुठेच नाही. या बर्नरची परीक्षा मोकळ्या हवेत घेणं हीच चूक. ज्योतीला टोकाशी धरून ठेवायला तापलेली भिंत किंवा फ्लेअर लागतो. फ्लेअर म्हणजे टोकाचा किंचित पसरत जाणारा भाग: 12 मिमी लांबीला 1 मिमी रुंदी वाढेल इतका उतार, लांबी 75 मिमीच्या आसपास. तिथे मिश्रणाचा वेग उतरतो आणि ज्योत बसते. अस्तर भरतानाच तसं शंकूसारखं भोक ठेवलं तर वेगळा फ्लेअर नको. साध्या लोखंडाचा फ्लेअर काही महिन्यांत पपडी धरून झडतो, स्टेनलेसचा जास्त टिकतो.

थंड भट्टीत पहिली दोन-चार मिनिटं ज्योत धपापते. अस्तर लाल झालं की थांबते.

प्रश्न: पंधरा-वीस मिनिटं उत्तम चालतो, मग ज्योत मलूल होते. थोडा वेळ बंद ठेवून पेटवला की पुन्हा तेच. काय बिघडतं?

याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत, आणि गेज बघितल्याशिवाय ती ओळखता येत नाहीत.

गेजचा काटा खाली येत असेल तर सिलिंडर थंड पडतो आहे. अर्धा बारला 1.1 मिमीच्या भोकातून तासाला एक ते सव्वा किलो प्रोपेन जातो. तेवढं द्रव वाफ व्हायला लागणारी उष्णता सिलिंडरच्या अंगातून आणि उरलेल्या द्रवातून येते. सिलिंडर भरलेला असेल तर साठा मोठा. तळाशी चार-पाच किलो उरले असतील तर तासाभरात तापमान 15-20 अंशांनी सहज उतरतं. बाहेरून दव, मग पांढरं हिम दिसतं, आणि दाब पडतो. मिश्र एलपीजी असेल तर आणखी एक अडचण: प्रोपेन -42 अंशांना उकळतो, ब्युटेन -0.5 अंशांना. प्रोपेन आधी निघून जातो, शेवटी ब्युटेन उरतो. थंडीत तो वाफच होत नाही, आणि होतो तेव्हा त्याला लिटरमागे 31 लिटर हवा लागते. म्हणून सिलिंडर संपत आला की ज्योत पिवळी पडते. बर्नरला हात लावू नका, सिलिंडर बदला.

उपाय: मोठा सिलिंडर, किंवा जोडनळीने दोन एकत्र. सिलिंडर कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवता येतो. पाणी हाताला सुखावेल इतकंच, 40 अंशांच्या आत. टॉर्चने, हीटरने किंवा भट्टीच्या तोंडाशी सरकवून तापवणं म्हणजे जिवाशी खेळ. आडवाही करू नका, वाफेऐवजी द्रव होजमध्ये शिरतं आणि भट्टीच्या तोंडातून आगीचा लोट येतो.

गेज स्थिर, तरीही ज्योत मलूल? मग बर्नर स्वतःचाच धूर पितो आहे. भट्टीच्या तोंडातून निघालेला, ऑक्सिजन संपलेला गरम वायू वर चढून टीच्या तोंडात शिरतो. बर्नर भट्टीच्या डोक्यावर उभा असेल आणि दार त्याच बाजूला असेल तर हमखास. लोखंडी पत्र्याचा एक आडोसा तोंडावर असा लावा की धग पुढे वळेल. किंवा बर्नर कडेने तिरका बसवा. बंदिस्त खोलीत आडोशानेही भागत नाही, कारण खोलीतली हवाच खराब होत जाते. तेव्हा ज्योतीआधी तुम्ही मलूल व्हाल. गॅसभट्टी विषारी कार्बन मोनॉक्साइड देतेच, त्याला वास नाही. समोरासमोर दोन उघड्या वाटा आणि डोक्याच्या उंचीला अलार्म, याशिवाय छपराखाली पेटवू नका.

प्रश्न: ज्योत निळी, आवाज दमदार, तरी वेल्डिंगची आच मिळत नाही. दुसरा बर्नर बसवू का?

आधी भट्टी मोजा. पाऊण इंची एका बर्नरला साधारण पाच-साडेपाच लिटर पोकळी झेपते. म्हणजे 15 सेंटिमीटर व्यास आणि 30 सेंटिमीटर लांबी. त्याच्या दुप्पट भट्टीत तोच बर्नर लोखंड नारिंगी करेल, पण फोर्ज वेल्डिंगला (तापलेलं लोखंड ठोकून जोडण्याला) लागणारी 1260-1300 अंशांची पिवळी-पांढरी आच देणार नाही.

मग अस्तर. नेहमीच्या कडक फायरब्रिकवर भट्टी उभारली असेल तर बरीचशी उष्णता विटाच पितात. त्या आगीला टिकतात, पण उष्णता अडवत नाहीत. त्यांच्याऐवजी हलकी इन्सुलेटिंग वीट किंवा सिरॅमिक ब्लँकेट (आगीला टिकणाऱ्या धाग्यांची गादी) वापरा. ब्लँकेट 25 मिमीचे दोन थर, घनता 128 किलो प्रति घनमीटर. एका थरावर चालवली तर बाहेरचा पत्रा फार तापतो, आणि जी उष्णता तिथे जाते ती आत नाही. ब्लँकेट उघडं ठेवायचं नाही. त्यावर कलॉइडल सिलिका (सिलिकाचे बारीक कण असलेलं पाणी) फवारून वाळवा, मग 6 ते 10 मिमी रिफ्रॅक्टरी, म्हणजे आगीला टिकणारं सिमेंट पातळ थरांत चढवा. उघड्या धाग्यांचा चुरा फुप्फुसांना घातक असतो, आणि दीर्घकाळ 1000 अंशांच्या वर तापलेल्या धाग्यात स्फटिकी सिलिका तयार होते. जुनं अस्तर उकरताना चांगला रेस्पिरेटर आणि पाण्याचा शिडकावा, दोन्ही. वेल्डिंग करत असाल तर तळाला भट्टीची पक्की उच्च-अॅल्युमिना फरशी घाला, वेल्डिंगला वापरतात तो सुहागा (बोरॅक्स) ब्लँकेटला साखर विरघळावी तसा खातो.

प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचं अस्तर वेल्डिंगच्या आचेला टिकत नाही, तडकतं आणि झडतं. साधं काँक्रीट आणि नदीतले गोटे तर आतल्या पाण्याच्या वाफेने फुटून उडतात.

इतकं करून उघडी दारं विटांनी अर्धी झाकली की बहुतेकांना दुसरा बर्नर लागत नाही.

प्रश्न: लोखंडावर जाड पपडी धरते. हवा जास्त आहे का?

हो. भट्टीच्या तोंडाबाहेर ज्वाळा दिसतच नसेल तर आत ऑक्सिजन उरतो आणि तो लोखंड खातो. टीच्या एका तोंडावर पत्र्याची सरकती चकती बसवून हवा थोडी कमी करा. तोंडाबाहेर 5-8 सेंटिमीटरची निळसर ज्वाळा दिसली की थांबा. पपडी पूर्ण जाणार नाही, कारण लोखंड ऐरणीवर आलं की हवा त्याला मिळतेच.

प्रश्न: गॅल्व्हनाइज्ड नळी वापरली आहे. पहिल्यांदा पेटवल्यावर पांढरा धूर आला. आता येत नाही, म्हणजे जस्त जळून गेलं ना?

टोकापुरतं गेलं. जस्त 907 अंशांना उकळतं, आणि नळीचा मागचा भाग कधीतरी तापेलच. तो धूर श्वासात गेला की काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव येते. नळी फेकून द्या, काळी लोखंडी नळी घ्या. आम्लात भिजवून जस्त काढायच्या भानगडीत पडू नका, आतून ते राहून जाऊ शकतं.

प्रश्न: त्याच नळीला ब्लोअर जोडला तर जास्त आच मिळेल?

मिळेल, पण तो वेगळा बर्नर होईल. हवा आता जेट ओढत नाही, पंखा ढकलतो, म्हणून बारीक टिपची गरज संपते आणि मिश्रण दोन हातांनी जुळवावं लागतं. हवेला गेट, गॅसला सुईचा वॉल्व्ह. टीचं उघडं राहिलेलं प्रत्येक तोंड बंद करा, नाहीतर पंखा मिश्रण तिथून बाहेर फेकेल. क्रम कायम: पेटवताना हवा आधी, विझवताना गॅस आधी.

खरी काळजी वीज जाण्याची. पंखा थांबतो, गॅस सुरूच राहतो, तो नळीतून मागे पंख्यात शिरतो. वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड वॉल्व्ह गॅसच्या वाटेत घाला. वीज परत आल्यावर तो स्वतःहून उघडू नये, हाताने चालू करावा लागेल अशी जोडणी करा.

प्रश्न: पेटवण्याचा आणि बंद करण्याचा नेमका क्रम सांगा. बंद केल्यावर एक मोठा फटका बसतो.

पेटवण्याआधी प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर पेटवायचं नाही. दारं उघडी, चेहरा तोंडासमोरून बाजूला. भट्टीत आधी जळता कागद किंवा टॉर्च, मग गॅस 0.2 बारवर. दोन-तीन सेकंदांत पेट घेतला नाही तर बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, तो वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत साचतो. भट्टीशेजारी खड्डा, तळघराचा जिना किंवा गटाराचं तोंड असेल तर जागा बदला.

बंद करताना आधी सिलिंडरचा वॉल्व्ह. होजमधला उरलेला गॅस जळू द्या, आणि ज्योत मान टाकू लागली की बर्नरजवळचा बॉल वॉल्व्ह एका झटक्यात फिरवा. फटका बसतो तो हळूहळू मिटवल्यामुळे: वेग उतरत जातो आणि नळीतलं शेवटचं मिश्रण आतच पेटतं. मग रेग्युलेटरचा स्क्रू सैल करा. त्यानंतर बर्नर भट्टीतून काढा, किंवा टीची दोन्ही तोंडं पत्र्याने झाका. उभा बर्नर तापलेल्या भट्टीवर चिमणीसारखा वागतो. गरम वायू नळीतून वर जातो आणि पाच-दहा मिनिटांत टिप, वॉल्व्ह, होजचं टोक, सगळं शेकून काढतो. होजला बर्नरजवळ चीर पडलेली दिसते ती बहुतेक वेळा भट्टी चालू असताना नव्हे, विझल्यानंतर पडलेली असते.